ऐंशी किलोची बाईक आणि चुकलेला बॉटलनेक

आजच्या एपिसोडला टू-टी ऑइलचा वास येणार आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून दिलंय.

आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की पहिली आठवते ती आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या थोडं वर. गल्लीच्या टोकाला असली तरी आवाजावरून कळायचं, कोण आलंय ते. आजची गोष्ट मात्र तिच्या रेसिंगवाल्या चुलत भावंडांची आहे. मोटोक्रॉस, म्हणजे चिखल, खड्डे, उड्या. आणि मुख्य काळ १९७० ते १९८२.

आधी एक बेसिक प्रश्न. मोटोक्रॉसमध्ये टू-स्ट्रोकच का? कारण इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, संपला विषय. शिवाय क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. म्हणजे कमी वजनात जास्त ताकद.

पण यात एक गळती होती. जळलेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोलही सोबत निसटायचं. यावरचा उपाय विकसित केला पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी. त्यांनी सायलेन्सरच्या पाइपला मध्ये असं फुगीर पोट दिलं की आतली दाबाची लाट उलटी फिरून निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलेल. हा झाला एक्स्पान्शन चेंबर. १९६१ मध्ये एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसनंतर पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं. पुढच्याच वर्षी ५० सीसी रोड रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप डेग्नरने सुझुकीवर जिंकली. कोल्ड वॉरमधली सोर्स कोड लीक म्हणा ना!

इथून जपानी कंपन्या मोटोक्रॉसकडे वळल्या. १९७० ला सुझुकीने बेल्जियमच्या जोएल रोबेरला घेतलं आणि २५० सीसीचा किताब सलग तीन वर्षं खिशात घातला. त्यांचा मंत्र एकच होता, वजन काढा. टायटॅनियम वापरा, मॅग्नेशियम वापरा, काहीही करा. फॅक्टरी बाईक्स ८० किलोच्या घरात आल्या. एवढ्या हलक्या, की मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेने १९७३ च्या सीझनपासून किमान वजनाची अटच घातली.

आता गंमत बघा. सगळे वजनाच्या मागे लागले होते, पण रायडरला खरंच हळू करत होतं काय? मागचं चाक!

त्या काळी मागे दोन शॉक ॲब्झॉर्बर उभे असायचे आणि चाक वरखाली जेमतेम १०० मिलिमीटर हलायचं. मोठा खड्डा आला की चाक उसळून हवेत. आता हवेतल्या चाकाला इंजिनची ताकद काय कामाची? ते नुसतं फिरतं. म्हणजे बाईक आणखी दोन किलोने हलकी केली तरी खरा बॉटलनेक जिथल्या तिथे.

तो सापडला ल्युसिएँ टिल्केन्स यांना. बेल्जियमचे इंजिनिअरिंगचे प्रोफेसर, मुलगा मोटोक्रॉस चालवायचा. त्यांनी दोन शॉक काढून टाकले, मागच्या स्विंगआर्मला त्रिकोणी आकार दिला आणि एकच लांब शॉक टाकीखाली आडवा बसवला. आता चाकाला हलायला भरपूर जागा झाली. ही कल्पना आधी सुझुकीला दाखवली, पण तिथे जमलं नाही. मग यामाहाने घेतली. १९७३ मध्ये हॉकान अँडरसनने हाच मोनोशॉक लावून २५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. मोटोक्रॉसमधली यामाहाची ती पहिली.

इतर कंपन्या धावल्याच. कुणी दोन्ही शॉक पुढे सरकवले, कुणी तिरके केले. दशक संपेपर्यंत चाकाची हालचाल १०० वरून ३०० मिलिमीटरपर्यंत गेली.

पण कोड लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, एक बग फिक्स केला की दुसरा वर येतो.

पहिला बग असा, की टाकीखालच्या कोंडलेल्या जागेत शॉक तापायचा आणि रेसच्या शेवटी ढिला पडायचा. शिवाय छोट्या खड्ड्यांना मऊ स्प्रिंग हवी, उंच उडीनंतर कडक. एकच स्प्रिंग दोन्ही कशी होणार? म्हणून शॉक आणि स्विंगआर्ममध्ये लीव्हरची जोडणी आली. चाक जितकं वर येईल तितका शॉक जास्त जोरात दाबला जायचा. कावासाकीचं युनी-ट्रॅक १९८० ला, सुझुकीचं फुल फ्लोटर आणि होंडाचं प्रो-लिंक १९८१ ला.

दुसरा बग. आता खड्ड्यांतूनही फुल थ्रॉटल देता येऊ लागला, मग इंजिन तापणारच. छोटं १२५ सीसीचं इंजिन रेसच्या उत्तरार्धात दमायचं. म्हणून १९८१ मध्ये विक्रीच्या १२५ बाईक्सना पाण्याचं कूलिंग मिळालं. यामाहाच्या वायझेड १२५ वर तर रेडिएटर हँडलजवळ, नंबर प्लेटच्या मागे होता.

तिसरा बग जुनाच, काडेनच्या पाइपचा. ती लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर परत येते. त्याखाली इंजिन मुकं, त्यावर एकदम लाथ. १९८२ च्या वायझेड २५० मध्ये यामाहाने एक्झॉस्टच्या तोंडाशी फिरणारा पॉवर व्हॉल्व्ह बसवला. आरपीएमप्रमाणे तोंडाची उंची बदलते, म्हणून ताकद खालपासून मिळते. त्याच वर्षी कावासाकीच्या केएक्सला पुढे डिस्क ब्रेकही आला.

आता हिशोब करा. रेडिएटर, पाणी, लिंकेज, व्हॉल्व्ह, डिस्क. यातली बरीच मंडळी वजन वाढवणारी! दहा वर्षांपूर्वी एकेका बोल्टचं वजन बघणाऱ्या लोकांनी हे किलो स्वतःहून चढवले, आणि बाईक जास्त वेगवान झाली.

हे वाचताना मला आमच्या टीमचा एक प्रोजेक्ट आठवला. दोन महिने आम्ही ॲपचा साइज कमी करत होतो. एमबी मोजणं सोपं ना, दर सोमवारी ग्राफ खाली येताना दिसायचा. युजर मात्र लॉगिन स्क्रीन अडकते म्हणून ओरडत होते. वजनाचंही तसंच आहे. काट्यावर ठेवलं की आकडा मिळतो. चाक किती वेळ हवेत आहे, याचा काटा त्या काळी कुणाकडे नव्हता. टिल्केन्स यांनी काट्याकडे नाही, चाकाकडे पाहिलं.

टू-स्ट्रोकचं राज्य पुढे ओसरलं. १९९८ ला यामाहाचीच वायझेड ४०० एफ ही फोर-स्ट्रोक बाजारात आली, नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा दिली, आणि होंडाने २००७ नंतर सीआर मालिका बंद केली. पण त्या धावपळीत सापडलेलं सस्पेन्शन टिकलं. तुमच्या पार्किंगमध्ये मोनोशॉकवाली बाईक असेल तर आज जरा वाकून बघा. मागे एकच शॉक दिसला, की त्या प्रोफेसरांची आठवण काढा.

घरात कुणाची जुनी आरएक्स असेल तर किस्सा नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!