अरबी रक्त आणि भीमथडीचें तट्टू

भीमेकांठचें तट्टू यमुनेचें पाणी पिऊन आलें, हा अभिमान महाराष्ट्रांत लहान मुलाच्याहि तोंडीं असतो. परंतु तें तट्टू कोणत्या वंशाचें, व पुढें त्याचें काय झालें, असें विचारल्यास आपणांपैकीं बहुतेक निरुत्तर होतात.

अरबस्तानांतील बेदुइनांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत लेखनाचा प्रघात नव्हता. तथापि आपल्या घोडीची वंशावळ त्यांस मुखोद्गत असे. कूळ मोजावयाचें तें आईकडून. कुहैलान, सक्लावी, अबय्यान, हमदानी, हदबान हीं त्या कुळांचीं नांवें. निर्भेळ रक्ताच्या घोड्यास ते 'असील' म्हणत. आपला 'अस्सल' हा शब्द त्याच अरबी कुळांतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लेडी अ‍ॅन ब्लंट या विदुषीनें वाळवंटांत हिंडून अशा वंशावळी टिपून घेतल्या, आणि १८७८ पासून तेथील घोडे इंग्लंडांत नेऊन त्यांची निपज सुरू केली. जें स्मृतींत होतें तें कागदावर आलें, म्हणून वाचलें.

दक्षिणेंत अरबी घोडा समुद्रमार्गें आला. या व्यापाराचें वर्णन तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें केलें आहे. सोळाव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीजांनीं त्यावर जकात घेऊन मोठें उत्पन्न मिळविलें. एकोणिसाव्या शतकांत त्याचें मुख्य बंदर मुंबई झालें. बेदुइन आपली घोडी सहसा विकत नसे. त्यामुळें इकडे येत ते बहुतेक नरच. त्यांचा देशी माद्यांशीं संकर होऊन भीमेच्या थडीला, म्हणजे कांठाला, जी जात बनली ती भीमथडी. बाप परदेशचा खरा, पण बेदुइनांच्या हिशेबानें पाहिल्यास कूळ दख्खनचेंच! अंगानें लहान, काटक, थोड्या चाऱ्यावर भागविणारें हें जनावर घाटवाटांच्या लढाईस फार सोयीचें होतें. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा, म्हणजे त्याचें सारें भांडवलच.

पुढें दिवस पालटले. आमच्या नांदुऱ्याहून फार दूर नसलेल्या अडगांवास २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं भोसले व शिंदे यांच्या फौजेचा पराभव झाला. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या, शिलेदाराच्या हातीं नांगर आला, आणि तट्टाचें गिऱ्हाईक नाहींसें झालें.

मग हा वंश राखला कोणीं? वाड्यांनीं नव्हे, धनगरांनीं. मेंढ्यांमागें वर्षाचे कित्येक महिने हिंडणाऱ्या धनगराचा सारा संसार, भांडींकुंडीं, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोकरें, याच तट्टाच्या पाठीवर असतो. तिकडे वाळवंटांत भटक्यांनीं अश्ववंश राखला, इकडे माळरानांत भटक्यांनींच. कारण दोघांचीहि उपजीविका जनावरावर अवलंबून होती. गरज हाच वंशरक्षणाचा खरा पाया होय.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३-२४ च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हें उत्तम झालें. परंतु जातीची नोंद म्हणजे वंशावळ नव्हे. कोणती घोडी कोणाची, तिची आई कोणती, हें ज्याला ठाऊक आहे तो धनगर चराऊ कुरणें आटल्यामुळें आज अडचणींत आहे. त्याची वाट बंद झाली, तर मालमोटार त्याचें ओझें वाहील, पण ती स्मृति वाहणार नाहीं. तट्टू राखावयाचें असेल, तर प्रथम त्याच्या धन्याला माळरान राखून द्यावें लागेल. आणि त्याच्या तोंडची माहिती आजच लिहून घ्यावी लागेल.