भीमेकाठचा मासा आणि चिंचेचं पाणी

सोलापूरच्या खाण्याचा विषय निघाला की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मटण यांच्यापुढे बोलणं सरकत नाही. मासा कोकणाचा, इथे तो बर्फात घालून आणलेला, ही समजूत पक्की आहे. त्यामुळे घरच्या ओव्हनमध्ये चिंच-गुळाचा दाट लेप लावून भाजलेली चिलापी ताटात आली, तर ती शहरी हौस ठरते. ही समजूत मला पटत नाही. भीमेच्या खोऱ्यात मासा खाणं जुनं आहे आणि त्याला चिंचेची आंबट जोड देणंही जुनंच आहे. या ताटात खरा नवखा आहे तो चिलापी हा मासा.

सर्वांत भक्कम पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त माशांच्या तीसहून अधिक जाती येतात. कोणत्या माशाला काय चारावं, गळाला आमिष कसलं लावावं, मासा ओढताना दोर कसा सांभाळावा, हे सगळं त्यात बारकाईनं सांगितलं आहे. त्याच ग्रंथाच्या पाकविचारात माशाचे तुकडे हळदीच्या पाण्यानं धुवायला, त्यांना चिंचेचं पाणी लावायला आणि तेलात तळायला सांगितलं आहे. चालुक्यांची ही राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि सोलापूरचा मुलूख त्याच राज्यातला. यावर कुणी म्हणेल, हे राजाचं ताट, त्यावरून रयतेचं जेवण कसं ठरवायचं? आक्षेप रास्त आहे. पण नदीच्या माशांची इतकी बारीक माहिती राजवाड्यात बसून मिळत नाही. ती पाण्यात उतरणाऱ्यांकडूनच आलेली असणार. पुढे 1841 साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर प्रबंध छापला, तेव्हा अनेक माशांना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नाव म्हणून दिली. ‘खुद्री’ हे त्यातलंच एक. भीमा आणि तिच्या उपनद्यांचे मासे ओळखणारी, पकडणारी, विकणारी भोई-कोळी मंडळी तेव्हाही होतीच.

दुसरा आक्षेप पंढरपूरचा. ज्या जिल्ह्यात तुळशीची माळ इतक्या गळ्यांत आहे, तिथे मासा कसा रुजेल? पण चंद्रभागेवर होड्या चालवणारे कोळीच, आणि वाळवंटातल्या पुंडलिकाच्या मंदिरातलं पुजारीपणही कोळ्यांकडेच. माळ घातलेल्यानं मासा सोडला, हे खरं. म्हणून नदीनं जगवलेला समाज या भूमीला परका ठरत नाही.

चिंचेची बाजू शहरात आणखी घट्ट केली ती विणकरांनी. 1877 साली कापडगिरणी निघाली, मागांचा धंदा वाढत गेला आणि तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पूर्व भागात वसली. त्यांच्या ‘चेपला पुलुसु’ या माशाच्या कालवणाचा प्राणच चिंचेचा कोळ. चालुक्यांच्या मुदपाकखान्यापासून या चुलीपर्यंत सरळ वंशावळ मांडता येणार नाही. पण चिंच हाताशी आणि गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास मारायचा, अशा मुलखात दोन वेगळ्या काळांतल्या लोकांनी एकच वाट धरली, हे मला वंशावळीहून महत्त्वाचं वाटतं.

खरा पालट उजनीनं केला. 1980 साली धरण पूर्ण झालं, वाहती भीमा थोपली आणि वाहत्या पाण्यातल्या माशांचं घरच बदललं. भारतात 1952 साली आणलेली आफ्रिकेतली चिलापी अशा साचलेल्या पाण्यात झपाट्यानं वाढते. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात. जलाशयाकाठच्या भिगवणच्या बाजारात ती आज सहज मिळते. बारीक काटे कमी, मांस घट्ट, म्हणून लेप लावून भाजायला ती सोयीची आहे, यात वाद नाही. मात्र हा मासा आपण चवीसाठी निवडला नाही. तो धरणानं आपल्या ताटात आणला आणि त्याच्या गर्दीत खोऱ्यातले मूळचे मासे मागे पडत गेले. पाककृती परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चिंता करायची तर ती त्या माशांची करायला हवी.