खांद्याचे उखळ

इंदुरीच्या गढीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. पालखीला खांदा देणे म्हणजे काय, हे या काठच्या लोकांना सांगावयास नको. पण ज्या खांद्यावर आपण पालखी, कावड आणि अखेरीस आप्ताची तिरडीही घेतो, तो आतून कसा आहे हे आपल्याकडे प्रथम कोणी पाहिले, याची हकिकत फारशी ऐकू येत नाही.

ती सुश्रुतसंहितेत आहे. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावे, वाहत्या नदीत आडजागी सात रात्री ठेवावे, मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे तेथे सांगितले आहे. नुसत्या पाठांतरावर सुश्रुताचा विश्वास नव्हता.

काखेतल्या सांध्याला त्याने नाव दिले ते घरातले: 'उलूखल', म्हणजे आपले उखळ. मावळात भात कांडलेल्या बाईला यावर टीका वाचावी लागणार नाही. माझ्या मते मात्र ही उपमा मांडीच्या सांध्याला अधिक शोभते. खवाट्याची वाटी बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तीत बसत नाही, नुसता टेकतो. त्याला जागेवर धरतात ते स्नायू आणि बंध. सबंध हात धडाला हाडाने जोडलेला आहे तोही एकाच जागी, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या छातीकडील टोकाशी. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि आखाड्यात खांदा निखळतो तोही म्हणूनच.

निखळल्यावर उपाय? मुसळ! ते काखेत घालून वर उचलावे, सांधा बसला की स्वस्तिकबंध बांधावा. ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसाच्या नावावरील ग्रंथातही मऊ पट्टी गुंडाळलेले मुसळच आहे. कोणी कोणाचे उचलले, हा वाद मला व्यर्थ वाटतो. कांडण दोन्हीकडे होतेच.

पुढे प्रेताचा विटाळ मोठा झाला. वैद्य पोथी म्हणत राहिला, हाडवैद्य हाताने शिकत राहिला, आणि दोघांची गाठ पडेना. सुश्रुताची ३०० हाडे मुखोद्गत होती. मोजून पाहणारा नव्हता. आज प्रौढ माणसाची २०६ मोजतात.

१८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. संस्कृत पोथ्या, शिलालेख यांचा व्यासंग केलेल्या या माणसाने शवविच्छेदनाची सुरीही हाती धरली होती.