'मोडशी'चा प्रवास : गोव्यात छापलेला १५६३ चा औषधिग्रंथ

१/ फ्रेंच भाषेत एके काळी पटकीच्या रोगाला 'मॉर द शियाँ' म्हणत. शब्दशः अर्थ 'कुत्र्याचे मरण'. वास्तविक या नावाचा कुत्र्याशी काहीही संबंध नव्हता. आपल्याकडच्या 'मोडशी' या मराठी-कोंकणी शब्दाचा तो अपभ्रंश होता. हा शब्द युरोपीय वैद्यकात कसा शिरला, आणि ज्यांनी तो सांगितला त्यांचे पुढे काय झाले? #थ्रेड

२/ या कथेच्या केंद्रस्थानी एक ग्रंथ आहे. १० एप्रिल १५६३ रोजी जोआंनेस दे एन्देम या मुद्रकाने तो गोव्यात छापला. 'हिंदुस्थानातील वनस्पती व औषधिद्रव्ये यांविषयीचे संवाद' असा त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा आशय. गोव्यात पहिला छापखाना आला १५५६ साली, म्हणजे मुद्रणकला येथे अवघी सात वर्षांची होती.

३/ लेखक गार्सिया द ओर्ता. जन्म १५०० च्या सुमारास, पोर्तुगालमध्ये. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली ज्यूंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. १४९७ साली पोर्तुगालने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर सतत संशयाची नजर असे.

४/ सालामांका व अल्काला येथे शिकून ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करू लागला. १५३४ साली मार्तिं आफोंसु द सौझा याच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून तो गोव्यात आला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे ३४ वर्षे, हिंदुस्थानातच राहिला.

५/ ग्रंथाची रचना संवादरूप आहे. रुआनो हा युरोपातून नुकताच आलेला काल्पनिक वैद्य. तो गॅलेन, डायोस्कोरिडीस अशा प्राचीन ग्रंथकारांचे दाखले देतो. ओर्ता त्याला येथे प्रत्यक्ष पाहिलेल्या झाडाचे, फळाचे, रुग्णाचे उदाहरण देतो. ग्रंथप्रामाण्य आणि अनुभव यांचा झगडा या दोन पात्रांत चालतो.

६/ हा अनुभव एकट्या ओर्ताचा नव्हता. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशाह त्याचा रुग्ण आणि स्नेही होता. सुलतानाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली, ओर्ताने सुलतानाला लॅटिन नावे शिकवली, असे ओर्ता स्वतः नोंदवतो. दरबारातील हकीम, गोव्यातील हिंदू वैद्य आणि बंदरांतील व्यापारी हेही त्याचे माहीतगार होते.

७/ ग्रंथात दख्खनचे राजकारणही येते. वऱ्हाडच्या इमाद-उल-मुल्काला पोर्तुगीज लोक 'माद्रेमालुको' म्हणत. हे नाव मुळात काय आहे ते ओर्ता समजावून सांगतो. आजचा यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तेथे त्या काळी एलिचपूरच्या इमादशाहीची सत्ता होती.

८/ आता एक झाडांचे उदाहरण. हिरडा, बेहडा, आवळा ही फळे वाळलेल्या रूपात युरोपात पोहोचत आणि 'मायरोबलन' या एकाच नावाखाली विकली जात. ती एकाच झाडाची की अनेक, याबद्दल तेथे गोंधळ होता. ही झाडे वेगवेगळी आहेत असे ओर्ताने स्थानिक नावांसह सांगितले. यवतमाळच्या सागवानी जंगलात बेहडा आणि आवळा ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. युरोपीय वैद्यांना मात्र ही बातमी होती.

९/ संवादांत अधूनमधून एक तरुण सेविका येते. तिचे नाव अंतोनिया. ओर्ता हाक मारतो आणि ती हवे ते फळ, पान, मूळ आणून रुआनोपुढे ठेवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही ग्रंथात भेटतो. धोतऱ्याच्या प्रकरणात एका दासीला धोतरा चारून चोर घरातील ऐवज घेऊन पळतो. ती विचारल्या प्रश्नाला उत्तर न देता नुसती हसत राहते आणि ओर्ता तिच्यावर उपचार करतो.

१०/ आणि येते 'मोडशी'. खोल गेलेले डोळे, मंदावलेली नाडी, थंड घाम, पायांतील पेटके : पटकीच्या रुग्णाचे ओर्ताने केलेले वर्णन आजही ओळखू येते. इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले, असे तो सांगतो. मिरे व जिरे घातलेली तांदळाची पेज पाजण्याचा इथला उपचारही त्याने नोंदवला आहे. याच 'मोर्देशी'वरून पुढे फ्रेंचांनी आपल्या भाषेतला अर्थ जुळवला.

११/ ओर्ता पूर्वग्रहमुक्त नव्हता. हिंदू वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, ते केवळ अनुभव आणि रूढी यांच्या आधारे उपचार करतात, असे तो लिहितो. तरीही त्याच वैद्यांचे उपचार तो टिपून घेतो, आणि ही माहिती त्यांच्याकडून मिळाल्याचे लपवत नाही.

१२/ गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली स्थापन झाले होते. ओर्ताच्या ग्रंथाला त्याच न्यायासनाच्या प्रमुखाची संमती होती. १५६८ साली ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० साली ओर्ताच्या अस्थी उकरून त्यांनाही अग्नी देण्यात आला.

१३/ ग्रंथ मात्र तोवर युरोपात पोहोचला होता. कारोलुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो लिस्बनमध्ये मिळाला. १५६७ साली अँटवर्पच्या प्लांतिन मुद्रणालयातून त्याचा लॅटिन संक्षेप निघाला. विद्वान युरोपने ओर्ताला प्रामुख्याने या संक्षेपातून वाचले. क्लुसियुसने त्यातले संवाद काढून टाकले आणि केवळ द्रव्यांची वर्णने ठेवली.

१४/ एका दृष्टीने हा बदल सोयीचा होता; वैद्याला औषध शोधायचे असते, गप्पा वाचायच्या नसतात. पण संवाद गेल्याबरोबर फळ आणून देणारी अंतोनिया गेली आणि बोलणारी माणसेही गेली. उरलेले ज्ञान जणू एकट्या ओर्ताचे, आणि पुढे तर क्लुसियुसचेच वाटू लागले.

१५/ असे घडणे अटळ नव्हते. सुमारे शंभर वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेड याने 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला (आम्स्टरडॅम, १६७८–१६९३). त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही निवेदन त्यात आहे. माहिती कोणी दिली, हे तेथे माहिती देणाऱ्यांच्याच अक्षरात वाचता येते.

१६/ ओर्ताच्या मूळ ग्रंथाची सटीप पोर्तुगीज आवृत्ती कोंद द फिकाल्यु यांनी १८९१–९५ मध्ये लिस्बनला काढली. १९१३ साली क्लेमंट्स मार्कम यांचा इंग्रजी अनुवाद आला. त्यात संवाद पूर्ववत आहेत. तो वाचताना औषधाच्या गुणांबरोबर एवढे पाहावे : हे नाव कोणी सांगितले, ते पान कोणी आणून दिले. ओर्ताने ते लिहून ठेवले होते. गाळले ते नंतरच्यांनी.