हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य आणि मालवण किनाऱ्याची सुरक्षा

लहान राज्याच्या संरक्षणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः राजा आणि सेनापती यांच्याकडे जाते. पैसा, लाकूड, दाणागोटा व पगार ज्याच्या हाती असतो तो दुसऱ्या फळीतील मंत्री दुर्लक्षित राहतो. आजच्या परिभाषेत ज्याला संरक्षण उपमंत्र्याचे काम म्हणता येईल, ते मराठी राज्यात दीर्घकाळ रामचंद्र नीलकंठ अमात्य यांनी केले. वस्तुतः त्यांचे खाते जमाखर्चाचे. परंतु राजाराम महाराज जिंजीस असताना 'हुकूमतपन्हा' हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार त्यांच्यावर सोपविण्यात आला, आणि हिशेबनीस मंत्र्याला किल्ले व फौज सांभाळावी लागली.

१७१५ मध्ये करवीरच्या तरुण संभाजी महाराजांसाठी सिद्ध झालेले 'आज्ञापत्र' या अनुभवाचे फलित होय. त्यातील आरमाराचे प्रकरण वाचताना मिठबावचा किनारा डोळ्यांसमोर ठेवावा. उत्तरेस विजयदुर्ग, दक्षिणेस १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग. १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, सिंधुदुर्ग करवीरकडे राहिला, आणि जवळजवळचे हे दोन जलदुर्ग दोन छत्रपतींचे झाले. करवीरचे राज्य लहान, तिजोरी त्याहून लहान.

अमात्यांचा सल्ला शौर्याविषयी फारसा नाही. तो खर्चाविषयी आहे. आरमाराची नेमणूक मुलखाच्या निश्चित वसुलातून व्हावी, बंदरांच्या मिळकतीवर ती सोडू नये. अन्यथा आरमारी लोक सावकारांस उपद्रव देतील आणि व्यापार बुडेल. गलबतांसाठी साग तोडावा तोही हुकुमाने. रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये. टोपीकरांशी व्यापार करावा, पण किनाऱ्यावर वा खाडीच्या मुखाशी त्यांना जागा देऊ नये. द्यावीच लागली तर समुद्रापासून चार-आठ कोस आत द्यावी.

१७१६ मध्ये अमात्य निवर्तले. पुढे मालवणचे आरमार बव्हंशी समुद्रावरील लुटीवर जगू लागले, म्हणजे नेमके जे टाळावयाचे तेच घडले. या उपद्रवाचे कारण दाखवून इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला व त्यास 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव दिले. कारण केवळ निमित्त होते असे म्हणण्याचा मोह होतो. इंग्रजांची महत्त्वाकांक्षा उघडच होती. तथापि ते निमित्त करवीरच्या रिकाम्या तिजोरीने पुरविले, हे नाकारता येत नाही. रक्कम मोजून किल्ला परत मिळाला, पण १७९२ च्या करारात नुकसानभरपाईबरोबर मालवणात वखारीची मुभाही द्यावी लागली. किनाऱ्यावर टोपीकरांची वखार! १८१२ च्या तहाने मालवण बंदर व किल्ला इंग्रजांकडे गेला. गगनबावड्याची जहागीर मात्र अमात्यांच्या वंशजांकडे त्यानंतरही चालू राहिली.