मळवलीला उतरून कुठे जाता?

मुलुंडचा कॉलेजातला पोरगा पावसाळ्यात एकदा तरी मळवलीला जातोच. ठाण्याहून एक्स्प्रेस, लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल, पुढचंच स्टेशन. तिथून कुणी भाज्याच्या धबधब्याकडे, कुणी लोहगडाकडे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी पाचेक वेळा तरी गेलो असेन. याच गावाजवळ राजा रविवर्मांचा छापखाना होता, हे मला कळलं ते मात्र फ्रान्समध्ये.

कंपनीने दोन महिन्यांसाठी पॅरिसला पाठवलं होतं. एका रविवारी ट्रेनने व्हेर्नाँ आणि तिथून बसने जिव्हेर्नी गाठलं. क्लोद मोने हा चित्रकार १८८३पासून १९२६मध्ये जाईपर्यंत तिथे राहिला. गुलाबी घर, हिरव्या खिडक्या, फुलांचे ताटवे, आणि रस्त्यापलीकडे ते तळं, ज्यातली कमळं त्याने वर्षानुवर्षं रंगवली. तळ्यावरच्या पुलावर सेल्फीसाठी जी रेटारेटी चालली होती, ती पाहून दादरचा ब्रिज आठवला.

बागेपेक्षा मी रेंगाळलो ते जेवणघरात. पिवळ्याधमक भिंतींवर ओळीने जपानी छापील चित्रं. लाकडी ठशांवरून छापलेली, त्यांच्या देशात साध्यासुध्या लोकांनी विकत घेतलेली चित्रं एवढ्या मोठ्या चित्रकाराने जेवताना समोर दिसतील अशी लावली होती. आमच्याकडची अशी चित्रं कुठली, म्हणून परतीच्या ट्रेनमध्ये मोबाइलवर शोधत बसलो. रविवर्मा सापडणार हे ठाऊक होतं. घाटकोपर आणि मळवली सापडतील असं वाटलं नव्हतं.

रविवर्मा केरळातल्या किलिमानूरचे, जन्म १८४८चा. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रं केली आणि मागणी एवढी वाढली की दोन हातांना ती पुरी करणं शक्य नव्हतं. निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असं सर टी. माधवराव त्यांना आधीच सुचवून बसले होते. रविवर्मांनी छापखानाच काढला. १८९४ साली, मुंबईत, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. पुढे तो घाटकोपरला होता. म्हणजे मुलुंडहून पाचवं स्टेशन! देवादिकांची छापील चित्रं काढणारे ते पहिले नव्हेत. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८चा. पण तैलरंगासारखी झाक असलेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली ती यांची. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देवी आली. त्याचबरोबर देवीचा चेहरा गोरा, घरंदाज असा एकच ठरून गेला. हे काही मला निव्वळ कौतुकाचं वाटत नाही.

छपाईची रीत वाचताना मात्र माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र नजरेनेच रंगारंगांत फोडायचं, प्रत्येक दगडावर त्या रंगापुरते बारीक ठिपके हाताने काढायचे, मग एकाच कागदावर एकामागून एक छाप. एका चित्राला डझनभर दगडही लागत. आपण स्क्रीनवर लेयर म्हणतो ते हेच, फक्त इथे अनडू नाही. एक छाप केसभर सरकला की ओठांचा लाल रंग गालावर. हे दगड रेखाटणाऱ्यांची नावं चित्राखाली नसत. तिथे नाव एकच, रविवर्मांचं. डेव्हलपर म्हणून हे मला जरा लागलं.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले. १८९९मध्ये छापखाना मळवलीला हलला. कर्ज वाढत होतं. अखेर रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला आणि १९०६मध्ये ते गेले. छापखाना त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालला. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळकेंनीही तिथे काम केलं. १९७२मध्ये तो आगीत जळाला.

गेल्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा मळवलीला उतरलो, या वेळी ट्रेकचे बूट न घालता. जिव्हेर्नीसारखं तिकीट, बाग, दुकान मिळणार नव्हतंच. निदान ती जागा बघावी म्हणून स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्या काकांना विचारलं, "काका, इथे जुना छापखाना होता ना, रविवर्मांचा?"

"प्रिंटिंगचं काम आहे का? मग लोणावळ्यात बघा," ते म्हणाले. "इथे कोण छापतंय?"

पाऊस वाढला म्हणून रिक्षातच बसलो. हँडलच्या वर, काचेला चिकटवलेली लक्ष्मी होती. चार हात, दोन हातांत कमळं, पायाखाली कमळ, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. झाक पार गेलेली, कडेला रंग किंचित सरकलेला.

"हे चित्र कुठून आणलंत?"

"ते होय? गाडीबरोबरच आलंय," काका म्हणाले. "भाज्याला सोडू का?"