बख्त बुलंद आणि निगूँ बख्त

उर्दू वाचणाऱ्या घरात जंगलातील राज्य म्हटले की दास्तान आठवते. 'तिलिस्मे होशरुबा'तील जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब, त्याची मायावी नगरे आणि त्याला चकवणारा अमर अय्यार. मराठी घरात दंडकारण्य आठवते आणि तेथील राक्षस. कथा वेगळ्या, पण त्यांतून मनात बसणारी समजूत एकच आहे. जंगलात जादू असते, भय असते. इतिहास मात्र नसतो. राजा, महसूल, तलाव, वंशावळ हे सगळे मैदानात राहणाऱ्यांचे!

ही समजूत खोटी ठरवणारे राज्य आपल्याच महाराष्ट्राच्या अंगणात होते. बालाघाटच्या डोंगरात वाढलेल्या आम्हा परळीकरांना दाट जंगल पाहायचे तर पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीकडे जावे लागते. तेथून उत्तरेला नागपूर, छिंदवाडा, मंडला असा जो प्रदेश पसरला आहे, तो गोंडवन. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा ही तेथील चार गोंड राज्ये. गढ्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. त्याच अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईने अकबरी'त देवगडच्या जाटबा राजाची नोंद केली आहे: २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभराहून अधिक हत्ती. तिलिस्मातील बादशहाचे सैन्य कोणी मोजत नाही. येथे मोगल दरबाराने जंगलातील राजाचे सैन्य मोजून कागदावर उतरवले आहे.

गोंडांची भाषा गोंडी. ती द्राविड कुळातील, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातील. समाजाची घडी देवांच्या संख्येवर बसलेली आहे. चार, पाच, सहा आणि सात देव मानणारे असे गट असतात आणि एकाच संख्येचे देव असणाऱ्यांत सोयरीक होत नाही. त्यांचा इतिहास कागदावर नव्हता. तो परधान जमातीच्या गायकांच्या कंठात होता. किंगरी वाजवत ते यजमान घराण्यांच्या वंशावळी आणि आदिपुरुष लिंगोची कथा गात. ही लिंगोची कथा नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापली गेली. जे राज्य गाण्यात जपले गेले ते वाचणाऱ्यांच्या जगाला दिसले नाही, एवढेच.

या राज्यांचा कारभारही पाहण्यासारखा होता. चांद्याच्या राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या आणि जंगलात गावे वसवली. इंग्रज अधिकारी लूसी-स्मिथ यांनी १८६९ च्या आपल्या अहवालात चांद्याच्या गोंड राजवटीची मुक्त कंठाने स्तुती केली आहे.

आता देवगडच्या त्या राजाकडे वळू, ज्याच्यासाठी हा लेख लिहीत आहे. गादीच्या भांडणात मदत मागायला तो औरंगजेबाच्या दरबारी गेला. १६८६ च्या सुमारास त्याने इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्याला 'बख्त बुलंद' हा किताब दिला. अर्थ, ज्याचे नशीब उंच आहे असा. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती आजच्या वादांत दोन्ही बाजूंना सोयीची ठरली असती. एकाने म्हणावे, पाहा, सत्तेसाठी धर्म सोडला. दुसऱ्याने म्हणावे, पाहा, हा आमचा राजा.

पण पुढे काय झाले? १६९१ मध्ये मोगलांनी त्यालाच गादीवरून काढले आणि दुसऱ्याला बसवले. धर्म एक झाला म्हणून गादी वाचली नाही. मग त्याने बंड केले, मराठ्यांशी संधान बांधले आणि बादशहा दक्षिणेत अडकलेला असताना मोगल मुलखात धामधूम उडवली. संतापलेल्या औरंगजेबाने हुकूम काढला की यापुढे याला 'बख्त बुलंद' म्हणू नये, 'निगूँ बख्त' म्हणावे. निगूँ म्हणजे पालथा. ज्याचे नशीब पालथे पडले तो! बादशहाने दिलेले नाव बादशहानेच उलटे केले. लोकांनी मात्र हा हुकूम ऐकला नाही. आजही तो बख्त बुलंद शाह म्हणूनच ओळखला जातो.

याच राजाने १७०२ मध्ये बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवले. त्याने धर्म बदलला, पण प्रजेला बदलायला लावले नाही. कारभारात त्याने कर्तबगार हिंदू आणि मुसलमान दोघांनाही घेतले, बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून वसवले. नागपूरचे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ च्या अहवालात मान्य केले आहे की पुढील मराठा कारभाराच्या यशाचा पाया याच राजाने घातला होता.

त्याचा मुलगा चांद सुलतान याने नागपूरला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. लोकांनी जुम्म्याचे शुक्रवार केले आणि तो शुक्रवारी तलाव झाला. वार तोच राहिला. चांद सुलतानाच्या विधवेचे नाव रतनकुंवर आणि मुलांची नावे बुऱ्हाण शाह व अकबर शाह. एकाच घरातील ही तीन नावे वाचली तरी त्या राज्याची संस्कृती कळते. वारसाच्या तंट्यात रतनकुंवरने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि १७४३ मध्ये सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. बुऱ्हाण शाहाकडे राजा हे नाव आणि तनखा उरला. चांदाही १७५१ मध्ये भोसल्यांकडे गेले. तरी स्वाभिमान संपला नव्हता. १८५८ मध्ये चांद्याच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि २१ ऑक्टोबरला त्यांना फाशी झाली.

आपल्या समाजाला या इतिहासातून काय घ्यायचे? कलमा पढल्याने बख्त बुलंद मोगल झाला नाही आणि मोगलांशी लढल्याने त्याचा इस्लाम गेला नाही. तो गोंड होता, मुसलमान होता आणि राजा होता. माणसाला एकाच खणात कोंबण्याची घाई अलीकडची आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. उर्दूला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा आहे आणि आमची मुले आपल्या भाषेत शिकतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख होते, पण त्या अनुसूचीत गोंडी नाही. ज्यांनी नागपूरसारखे शहर दिले, त्यांच्या मुलांना पहिलीचे पुस्तक परक्या भाषेत उघडावे लागते. मातृभाषेचे मोल उर्दूवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको. गोंडीची मागणी होईल तेव्हा पहिला पाठिंबा आपला असला पाहिजे.